हॅनाचा शेवटचा फर्मा

"सखाराम, तो फर्मा मोड," नाना म्हणाले.

"मोडणार नाही," मी म्हणालो.

नाना आमच्या प्रेसचे मालक आणि मी त्यांचा फोरमन. काशीत संकठा घाटाच्या वरच्या गलीत त्यांचं घर होतं आणि तळमजल्यावर प्रेस. मालकाला तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ नव्हती. पण त्या दिवशी नानांचं चुकत नव्हतं, हे मलाही कळत होतं. पाडवा तोंडावर आला होता आणि पंचांगाचं एक पानसुद्धा जुळलं नव्हतं. पाडव्यानंतर पंचांग फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. आणि प्रेसचं वर्ष त्या पंचांगावर निघायचं. पंचांग जुळवायला टाइप नव्हता, कारण सगळा टाइप हॅनाच्या शेवटच्या सोळा पानांत अडकून पडला होता.

हॅना कोण ते सांगतो. पण आधी फर्मा म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तेव्हा छपाई शिशाच्या अक्षरांची. एकेक अक्षर सुटं. ते लाकडी खणातून उचलायचं, हातातल्या पट्टीत ओळ लावायची, ओळींचं पान करायचं, पान दोऱ्यानं बांधायचं. अशी सोळा पानं लोखंडी चौकटीत बसवून पाचरींनी आवळली की झाला फर्मा. तो मशीनवर चढवायचा, हवे तेवढे कागद छापायचे आणि मग मोडायचा. मोडायचा म्हणजे अक्षरं धुऊन परत आपापल्या खणात टाकायची. पुढची पानं त्याच अक्षरांची. मोठ्या प्रेसकडे टाइप पोत्यानं असतो, त्यांना फिकीर नाही. आमच्याकडे बेताचा. त्यात काम मराठी. बनारसचे टाइपवाले ओतणार हिंदीचा टाइप, त्यात ळ नाही. आमचा ळ मुंबईहून मागवावा लागे आणि मी तो केशरासारखा जपून वापरी.

अजून एक नियम. प्रूफ तपासून झालं की लेखकानं त्यावर 'छापायला हरकत नाही' असं लिहून खाली सही करायची. हिला प्रिंट ऑर्डर म्हणतात. प्रिंट ऑर्डर नसेल तर मी लाटसाहेबाचा कागद छापला नसता. मी मराठी तिसरी शिकलो. बाकीचं शिशानं शिकवलं. शिशाचं अक्षर उलटं असतं, म्हणून आजही मला सरळपेक्षा उलटं वाचायला सोपं जातं. पण सहीशिवाय छापलेलं एक पान माझ्या नावावर कोणी दाखवावं.

आता हॅना. मराठी मुलींच्या शाळेत कमळाबाई म्हणून हेडमास्तरीण होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. लहानपणी विधवा झालेल्या, पुण्याकडे शिकून काशीला आलेल्या. शिंदे घाटाच्या वर एक खोली होती, ती शाळेनंच दिलेली. मिशनच्या दवाखान्यातली एक मेम आपल्या देशी परत जाताना त्यांना एक अमेरिकन कादंबरी देऊन गेली. तिकडे ती घरोघर वाचतात म्हणे. बाईंनी ती मराठीत करायला घेतली. शाळा, तपासायच्या वह्या, एकादश्या, सगळं सांभाळून करायचं, म्हणून त्यात वर्षं गेली. काही हौशी लोक परदेशी गोष्ट घेतात आणि तिच्यातल्या माणसांना विनायक आणि सुशीला करून टाकतात. बाईंनी तसं केलं नाही. हॅना ती हॅनाच ठेवली. त्यामुळे 'हॅ'वरच्या अर्धचंद्राचा टाइप मला वेगळा मागवावा लागला आणि नाना महिनाभर कुरकुरत होते.

कागद दिला रावसाहेबांनी. रावसाहेब म्हणजे आमच्या मराठी वस्तीतले मोठे असामी. पूर्वज कुठल्याशा संस्थानातून काशीवासाला आलेले, घाटावर हवेली, आणि मुलींच्या शाळेच्या कमिटीचे मुख्य. बाईंची नोकरी आणि खोली दोन्ही त्यांच्या हातात. पण माणूस हलका नव्हता. पुस्तकाचं नाव काढलं की कागद बाहेर काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कागदही विलायती, दुधासारखा. आमच्या प्रेसमध्ये पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, म्हणून कागद त्यांच्या हवेलीत ठेवला होता. फर्मा तयार झाला की तेवढ्यापुरता कागद हमालाच्या डोक्यावर यायचा.

गोष्ट थोडक्यात अशी. हॅना ही नदीवरच्या नावाड्याची पोरगी. एवढं ऐकल्यावर आमच्या प्रेसमध्ये सगळ्यांना ती इथलीच वाटायला लागली. बापाची नाव पुरात जाते, घर उघड्यावर येतं. गावात क्रॅडॉक म्हणून गिरणीमालक असतो, वयानं मोठा. तो हॅनाला मागणी घालतो. हॅनाचं मन नेड नावाच्या तरुणावर, पण नेड सोनं शोधायला पश्चिमेकडे गेलेला आणि पत्ता नाही. हॅना क्रॅडॉकशी लग्न करते. क्रॅडॉक तिला फुलासारखं जपतो. बापाला घर बांधून देतो, हिला दागिन्यांनी मढवतो. पण त्याच्या गिरणीत लहान लहान पोरं कामाला, मशीनच्या पट्ट्यात त्यांची बोटं जातात. हॅना म्हणते हे बंद करा. तो म्हणतो, तू मागशील ते देईन, हे मागू नकोस, कारण तुझं हे घर त्याच गिरणीवर उभं आहे. अशात नेड परत येतो. सोनं काही मिळालेलं नसतं. तो म्हणतो, चल माझ्याबरोबर, आणि येताना दागिने घेऊन ये. हॅना दागिने नवऱ्याच्या टेबलावर ठेवते, नेडला दारातून परत पाठवते, आणि एकटीच दुसऱ्या गावी जाऊन पोरांची शाळा काढते. शेवट एवढाच. ना मरते, ना परत येते.

आमच्याकडे प्रूफ वाचायला वेगळा माणूस नव्हता. बाई स्वतः यायच्या. प्रेसच्या आतल्या चौकात ओट्यावर बसून हस्तलिखित मोठ्यानं वाचायच्या आणि मी प्रूफावर बोट धरून जुळतंय का बघायचो. त्याच चौकात घडीच्या बायका बसत. छापलेले मोठे कागद दुमडून त्यांची पानं करायचं काम बायकांचं. त्यांच्यात गोदाकाकू सगळ्यात जुन्या, जिभेला हाड नसलेल्या. बाई वाचायला लागल्या की घड्या थांबायच्या. मशीनवर रहमतमियाँ. त्याला मराठी निम्मं कळायचं, निम्मं तो माझ्याकडून काढून घ्यायचा. "का हो सखाराम भाई, हन्ना अब का करी?" असं तो रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, सलाम नंतर.

क्रॅडॉक मागणी घालतो ते पान आलं तेव्हाची गोष्ट. बाईंनी त्याच्या तोंडी मोठं संस्कृत वाक्य घातलं होतं, हृदयसिंहासन वगैरे. ते ऐकून गोदाकाकू फिस्सकन हसल्या. मला वाटलं, आता बाई रागावणार. त्यांनी विचारलं, काकू, काय चुकलं? काकू म्हणाल्या, चाळिशीचा बाप्या असा नाही बोलत. त्याला लाज वाटते. बाईंनी तिथेच वाक्य खोडलं आणि जरा वेळानं लिहिलं, 'घर मोठं आहे. जेवायला मी एकटाच बसतो.' काकू खाली मान घालून घड्या घालायला लागल्या. जुळलेली ओळ काढून दुसरी घालणं म्हणजे कंपोझिटरला शिक्षा असते. खालच्या सगळ्या ओळी सरकतात. पण ती ओळ मी आनंदानं बदलली.

माझं मत सांगायचं तर मी क्रॅडॉकच्या बाजूचा. तेव्हाही होतो, आजही आहे. ज्याचं अन्न खाल्लं त्याला सोडून जाऊ नये. गिरणी वाईट असेल, पण माणूस वाईट नव्हता. रहमत नेडच्या बाजूचा होता, कारण त्याला प्रेमाच्या गोष्टी आवडत. पण नेडनं दागिन्यांचं काढलं तेव्हा तोही तोंड वाकडं करून मशीनला तेल द्यायला निघून गेला. गोदाकाकूंनी मात्र एका वाक्यात दोघांचा निकाल लावला. त्या म्हणाल्या, "एकानं विकत घेतली, दुसरा चोरायला आला. पोरीला विचारलं का कोणी?"

मी बाईंशीही वाद घालायचो. फोरमननं लेखकाशी वाद घालू नये, पण माझा स्वभाव तसा. मी म्हणायचो, बाई, हिनं नवऱ्याजवळ राहून गिरणी सुधारायला हवी होती. बाई एकदा म्हणाल्या, "सखाराम, तुमचं मत तुम्ही वेगळं पुस्तक लिहून छापा. हिच्या पुस्तकात हिला जे वाटलं ते राहू दे." यात राग नव्हता. आणि मी काय पाहिलं ते सांगतो. स्वतः बाई कोणाच्या बाजूच्या, हे वाचताना कधी कळलं नाही. क्रॅडॉकचं बोलणं वाचताना त्या क्रॅडॉकच्या बाजूच्या वाटायच्या. नेडचं वाचताना नेडच्या. तिघांना त्यांनी सारखंच जेवायला वाढलं. मी आयुष्यभर लेखक पाहिले. बहुतेकांचा तराजू एका बाजूला झुकलेला असतो.

रावसाहेबांकडे छापलेला एकेक फर्मा जायचा. ते स्वतः प्रेसमध्ये येऊन वाखाणायचे. क्रॅडॉकचं ते जेवणाचं वाक्य त्यांना पाठ झालं होतं. पण शेवटच्या फर्म्याचं प्रूफ गेलं आणि चार दिवस काही निरोप नाही. मग स्वतःच आले. हातात कागदांची गुंडाळी.

त्यांनी एका शास्त्रीबुवांकडून शेवट नवा लिहून आणला होता. त्यात हॅनाला पश्चात्ताप होतो, ती नदीत जीव देते, आणि क्रॅडॉक तिच्या नावानं नदीवर दगडी घाट बांधतो. रहमतनं मला विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं. तो म्हणाला, "अमरीका में घाट बनवाय दिहिन? तब दू-चार पंडा भी भेज दें." गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

मी रावसाहेबांना विचारलं, यावर बाईंची सही कुठे आहे. ते म्हणाले, सहीचं मी बघतो, तू जुळवायला घे. मी म्हणालो, सही आल्यावर घेतो.

"कागद माझा आहे, सखाराम."

"कागद तुमचाच, रावसाहेब. टाइप नानांचा आणि मजकूर बाईंचा. मला तिघं लागतात."

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहत होते. रावसाहेब गुंडाळी माझ्या दगडावर ठेवून गेले. दगड म्हणजे ज्या सपाट शिळेवर आम्ही फर्मा आवळतो ती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या फर्म्याचा कागद यायचा होता. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हमाल पाठवला, तो रिकामा परत आला. हवेलीच्या दिवाणजीनं सांगितलं होतं, नवा शेवट जुळवा, मग कागद न्या.

इकडे बाईंकडे शाळेचा कारकून जाऊन आला. खोली दुसऱ्या कामासाठी लागेल असं वाटतं, एवढंच बोलला. ते रावसाहेबांनी बोलायला सांगितलं की त्यानं स्वतःच्या हुशारीनं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण अर्थ उघड होता. बाईंना काशीत दुसरं घर नव्हतं. माहेर कधीच सुटलेलं, सासरचं नाव त्या काढत नसत. नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की जायचं कुठे?

बाई रोजच्यासारख्या प्रेसमध्ये आल्या. शास्त्रीबुवांचा शेवट त्यांनी उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. अक्षर सुंदर आहे, एवढंच म्हणाल्या. खाली सही केलेली नव्हती.

असे दिवस जात राहिले. फर्मा दगडावर आवळलेला पडून. टाइप त्यात, चौकट त्यात. पाडवा जवळ. आणि मग नाना तो हुकूम घेऊन माझ्यापुढे उभे राहिले, जो मी सुरुवातीला सांगितला.

नानांचीही कुचंबणा मी समजत होतो. रावसाहेबांकडची सगळी छपाई आमच्याकडे. लग्नपत्रिका, शाळेचे कागद, देवस्थानचे कागद. ते एका बाजूला आणि पंचांग दुसऱ्या. ते म्हणाले, फर्मा मोड, टाइप मोकळा कर, पुस्तक शेवटाशिवाय राहू दे, पुढे बघू. पण मोडलेला फर्मा पुन्हा जुळवायला कोण वेळ देतो? मी असली अर्धवट पुस्तकं पाहिली आहेत. रद्दीत जातात, आणि त्यांत लोक फुटाणे बांधून देतात.

मी म्हणालो, "नाना, मोडायचा तर मजकुराच्या मालकिणीच्या तोंडून ऐकून मोडतो." आणि अंगरखा चढवून निघालो.

बाई शाळेत होत्या. मुलींना शुद्धलेखन घालत होत्या. मी दारात उभा राहिलो तशा बाहेर आल्या. मी सरळ सांगितलं. टाइप अडकलाय, नाना थांबणार नाहीत. तुम्ही शास्त्रीबुवांच्या शेवटावर सही केलीत तर उद्या सकाळी कागद येतो आणि पुस्तक पुरं होतं. नाहीतर फर्मा मोडावा लागतो. तुमची नोकरीही त्यातच आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "मला तर तुमचा शेवटही पटलेला नाही. पण तो तुमचा आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, रावसाहेबांना प्रेसमध्ये बोलावून घ्या, मी शाळा सुटल्यावर येते. माझ्या मनात आलं, सही करणार. दुसरं कोणी काय केलं असतं?

रावसाहेबांच्याही मनात तेच आलं असावं, कारण ते लगेच आले. नानांनी खुर्ची दिली. बाई ओट्यावर बसल्या. घडीच्या बायकांना नाना घरी जा म्हणाले, त्या गेल्या नाहीत. रहमतनं मशीन थांबवलं.

रावसाहेबांनी पुष्कळ समजावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, बाई, तुमचं मराठी असं आहे की मी दोनदा रडलो. पण नवऱ्याला सोडून गेलेली बाई सुखात राहते, हे आपल्या घरात वाचलं जाणार. परदेशात काय होतं ते परदेशात.  मग रावसाहेब जे बोलले ते त्यांनी चारचौघांत कधी बोललेलं नव्हतं.

"माझी लेक दिवाळीपासून घरी आहे. परत जात नाही म्हणते. सगळ्या गलीला माहीत आहे. उद्या लोक म्हणतील, रावसाहेबानं लेकीसाठी पुस्तक छापून घेतलं."

 गोष्ट खरंच सगळ्या गलीला माहीत होती. पण त्यांच्यासारख्यानं ती आमच्यासमोर उघडी करावी, याची आम्हालाच लाज वाटली. मी त्यांना त्या दिवसापासून जास्त मानतो.

बाईंनी शास्त्रीबुवांची गुंडाळी उचलली.

"रावसाहेब, हे पुस्तक तुमच्या घरात पहिल्यांदा कोण वाचेल?"

रावसाहेबांची नजर गुंडाळीवर गेली.

"तीच वाचेल. बापानं दिलेलं पुस्तक म्हणून वाचेल. आणि शेवटी तिला काय मिळेल? नवऱ्याला सोडलेल्या बाईनं नदीत जावं. आपल्या घराच्या पायऱ्यांखाली नदी आहे, रावसाहेब."

हे त्या अगदी हळू बोलल्या. रावसाहेबांचा चेहरा मी पाहिला, आणि पाहायला नको होता असं वाटलं. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी अंगरख्याच्या खिशात घातली.

मग बाई उठून माझ्या दगडाशी आल्या, प्रूफ मागितलं, टाक मागितला, आणि स्वतःच्या शेवटाखाली लिहिलं, 'छापायला हरकत नाही.' सही केली. रावसाहेब समोर बसलेले असताना केली. त्यांच्याकडे पाठही केली नाही आणि त्यांच्याकडे रोखूनही पाहिलं नाही. नोकरी, खोली, सगळं त्या सहीखाली होतं. अक्षर नेहमीसारखंच होतं, वळणदार, मुलींना कित्ता घालून द्यावं असं. मी पुष्कळ लोकांच्या सह्या पाहिल्या, मोठमोठ्या साहेबांच्यासुद्धा. तशी सही पुन्हा पाहिली नाही.

रावसाहेब उठले. म्हणाले, "माझा कागद या फर्म्याला मिळणार नाही. पहिल्या पानावर माझं नाव नको." दाराशी जाऊन थांबले. "शाळेचं शाळेत. त्याचा याच्याशी संबंध नाही." आणि गेले. तो शब्द त्यांनी पाळला. कारकून पुन्हा खोलीबद्दल बोलला नाही. कमिटीत एकदोघांनी विषय काढला तर रावसाहेबांनीच दाबला, असं नंतर कानावर आलं.

आता सही होती आणि कागद नव्हता. तसला विलायती कागद बाजारात मिळत नव्हता आणि कलकत्त्याहून मागवायला वेळ नव्हता. नाना पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. फर्मा मोड म्हणायला त्यांचं तोंड होईना, पण डोळे तेच म्हणत होते.

बाईंनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारलं, "नाना, ते पिवळे कागद कसले?"

तो पंचांगाचा कागद होता. पंचांग स्वस्त विकायचं, वर्षभर खुंटीला टांगायचं, म्हणून जाडाभरडा पिवळा कागद. बाई म्हणाल्या, यातूनच द्या.

सगळ्यात जास्त विरोध मी केला. अख्खं पुस्तक दुधासारखं आणि शेवटची सोळा पानं हळदीसारखी? माझ्या हातचं काम. दुसऱ्या प्रेसवाले हसतील. दोन कागदांचं पुस्तक म्हणजे दोन कापडांचा अंगरखा. बाईंना मी स्पष्ट सांगितलं की अशानं प्रेसची अब्रू जाते.

"अक्षर तर तेच आहे ना?" बाई म्हणाल्या.

"अक्षर तेच."

"मग चालवा मशीन."

नाना काही बोलतील असं वाटलं होतं. पण त्यांना टाइप मोकळा व्हायला हवा होता आणि त्याला हाच रस्ता होता. रहमतनं बाह्या सरसावल्या. पहिला पिवळा कागद निघाला तो त्यानं बाईंच्या हातात दिला. त्यांनी शाई वाळली का ते टोकाला बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी फर्मा मोडला आणि त्याच अक्षरांनी पंचांग जुळवायला घेतलं. हॅना जिथे दागिने ठेवते तिथली अक्षरं चैत्राच्या तिथींत गेली. पंचांग पाडव्याच्या आधी निघालं. कागद कमी पडल्यानं थोड्या प्रती कमी निघाल्या, आणि ते नाना मला पुढे कैक वर्षं ऐकवत राहिले.

आता पुस्तकाचं काय झालं ते. मला भीती होती लोक हसतील. पण झालं वेगळंच. पुस्तक हातात घेतलं की बाजूनं ती पिवळी पट्टी दिसायची. प्रत्येक माणूस विचारायचा, हे काय? आणि आधी तिथेच उघडायचा. काशीत ती कादंबरी सुरुवातीपासून वाचलेला माणूस विरळा असेल, शेवट वाचला नाही असा एकही नव्हता. घाटावर म्हातारे त्यावरून भांडले. देवळात कीर्तनानंतर बायका भांडल्या. ज्यांना शेवट पटला नाही, ते तो का पटला नाही हे बघायला मागची पांढरी पानं वाचायला लागले. असं करून सगळ्या प्रती खपल्या. मग ग्वाल्हेरहून आणि इंदूरहून मागण्या आल्या. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा नानांनी सगळी पांढऱ्या कागदावर काढू म्हटलं. ती निघाल्यावर गिऱ्हाइकांनी पिवळी पानं कुठे गेली म्हणून विचारलं.

मला रावसाहेब एकदा संकठामाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर भेटले. त्या प्रकरणाला बरेच दिवस झाले होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "सखाराम, तो पिवळा रंग तुझी अक्कल का?"

"नाही, रावसाहेब. तुमची."

मला वाटलं, आता संतापणार. ते काठीवर दोन्ही हात ठेवून नदीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तिनंही शेवट आधी वाचला." कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती लेक पुढे बाईंच्याच शाळेत शिकवायला लागली. परत सासरी गेली नाही. ते बरं झालं की वाईट, यावर मी मत देत नाही. हॅनाच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, हे सांगितलंच. पण बाईंचं नाव निघालं की मी उभा राहतो.

धंद्यात एवढी वर्षं काढून मला एक गोष्ट कळली, ती सांगतो. एखादा मजकूर लोकांनी वाचू नये असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं त्याला भरपूर पांढराशुभ्र कागद द्यावा आणि गप्प बसावं.